मिश्र टाकीतली सिक्लिडची वीण

बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडतात आणि आपल्या वाटेने निघून जातात. सिक्लिड कुळातले मासे तसे करत नाहीत. अंडी घालायला जागा निवडणे, ती तोंडाने घासून स्वच्छ करणे, चिकटवलेल्या अंड्यांवर परांनी ताजे पाणी खेळते ठेवणे, खराब झालेली अंडी वेचून काढणे आणि पिल्ले पोहू लागली की त्यांना घेऊन हिंडणे, ही सारी कामे आईबाप करतात. हे सगळे बैठकीतल्या काचेच्या टाकीत, हातभर अंतरावरून पाहता येते. त्यासाठी वेगळी टाकी लागतेच असे नाही. चार-पाच जातींचे मासे एकत्र राहतात अशा मिश्र टाकीतही सिक्लिडची जोडी जमते, अंडी घालते आणि पिल्ले वाढवते. मात्र जोडी, जागा आणि शेजारी या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात.

सिक्लिडच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत. त्या मुख्यतः आफ्रिकेत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत आढळतात. मादागास्करमध्ये आणि भारत-श्रीलंकेत मोजक्याच आहेत. दुकानात दिसणारे एंजल, ऑस्कर, डिस्कस, पॅरट, फ्लॉवरहॉर्न हे सगळे याच कुळातले. उजनी धरणातला चिलापी, म्हणजे तिलापिया, हाही सिक्लिडच. कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात, तो मात्र अस्सल भारतीय सिक्लिड. त्याचा छोटा भाऊबंद असलेला केशरी क्रोमाइड जेमतेम ८ सेंटिमीटरचा असतो आणि परदेशातले हौशी लोक तो आवडीने पाळतात. आपल्याकडच्या दुकानांत त्याला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही.

सगळेच सिक्लिड जोडीने राहत नाहीत. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीबेरंगी मासे दुकानात भरपूर दिसतात, पण त्यांच्यात जोडी नसतेच. नर आणि मादी अंडी घालण्यापुरते एकत्र येतात, मग मादी अंडी तोंडात घेऊन सुमारे तीन आठवडे उपाशी फिरते. फ्लॉवरहॉर्न इतका तापट की त्याला मिश्र टाकीत ठेवणे म्हणजे इतर माशांचा जीव धोक्यात घालणे. पॅरट हा संकरातून निघालेला मासा आहे. त्याची मादी नियमित अंडी घालते, जोडी ती नीट राखतेही, पण नर बहुतेक वेळा वांझ असल्यामुळे दोन-तीन दिवसांत सगळी अंडी पांढरी पडतात. पाण्यात काहीतरी बिघडले असे समजून अनेक जण टाकी उपसतात, औषधे घालतात. त्याचा काही उपयोग नसतो. मिश्र टाकीत जोडीने वीण हवी असेल तर एंजल, पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ प्रदेशातला छोटा राम आणि आपला केशरी क्रोमाइड हे चार मासे विचारात घ्यावेत. त्यांतही पहिल्यांदा प्रयत्न करणाऱ्यासाठी क्रिबेन्सिस सर्वांत भरवशाचा. तो काटक आहे, त्याचे नर-मादी ओळखता येतात आणि तो गुहेत अंडी घालत असल्यामुळे त्याला टाकीचा एक कोपरा पुरतो.

जोडी विकत मिळत नाही, ती जमावी लागते, आणि अपयशाचे निम्मे मूळ इथेच असते. दुकानदार एक मोठा आणि एक लहान मासा पिशवीत घालून जोडी म्हणून देतो, पण त्या दोघांनी एकमेकांना निवडलेले नसते. सिक्लिडमध्ये जोडीदाराची निवड ही खरोखरची निवड असते. लादलेला जोडीदार कोपऱ्यात दबून राहतो किंवा मार खाऊन मरतो. म्हणून खात्रीचा मार्ग म्हणजे एकाच वयाची सहा ते आठ लहान पिल्ले आणून ती एकत्र वाढू देणे. वयात आल्यावर त्यांतली दोघे आपोआप बाजूला होतात, टाकीचा एक भाग आपला मानतात आणि बाकीच्यांना तिथून हुसकावू लागतात. जोडी जमल्याची हीच खूण. मग उरलेल्या भावंडांना दुसरीकडे हलवायचे. क्रिबेन्सिस सहा-आठ महिन्यांत या टप्प्याला येतो, एंजलला आठ महिन्यांपासून वर्षभराचा काळ लागतो.

क्रिबेन्सिसची मादी नराहून लहान, गोलसर आणि अधिक देखणी असते. विणीच्या दिवसांत तिचे पोट चेरीसारखे लालजांभळे होते. नर लांबट, त्याच्या पाठीवरचा आणि खालचा पर टोकदार. एंजलच्या बाबतीत बाहेरून नर-मादी ओळखण्याच्या सगळ्या खुणा, म्हणजे कपाळाचा फुगवटा, परांची लांबी, पट्ट्यांचा आकार, बेभरवशाच्या आहेत. अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली दोघांचीही एक छोटी नळी बाहेर दिसू लागते. नराची नळी बारीक व टोकदार असते, मादीची रुंद व बोथट. खात्री तेव्हाच पटते. दोन एंजल माद्या जोडी करून राहतात, पानावर अंडी घालतात आणि राखणही करतात असे पुष्कळदा घडते. अंडी नेहमीपेक्षा बरीच जास्त दिसली आणि एकूण एक पांढरी पडली तर हीच शक्यता आधी तपासावी.

जमलेली जोडी सतत गुण्यागोविंदाने राहते असेही नाही. अंडी घालण्यापूर्वी दोघे समोरासमोर येऊन ओठांत ओठ अडकवून ओढाताण करतात, शेपटीने एकमेकांवर पाण्याचे फटकारे मारतात. ही जोडीदाराची परीक्षा असते. दोघे तुल्यबळ ठरले तर ती काही मिनिटांत संपते आणि पर शाबूत राहतात. एकाचे पर फाटू लागले, तो पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरपा तरंगू लागला किंवा दोन दिवस खाईना, तर त्याला लगेच वेगळे काढावे. ‘आपसांत जमेल’ म्हणून वाट पाहण्यात मासा हकनाक जातो.

इथे मिश्र टाकीचा एक फायदा पुढे येतो आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शेजारी मासे म्हणजे विणीतला अडथळा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मोजके शेजारी जोडी टिकवून धरतात. सिक्लिडच्या नरात विणीच्या काळात आक्रमकपणा उसळतो आणि तो कुणावर तरी निघतोच. समोर परका मासा असेल तर तो त्याच्यावर निघतो, नसेल तर मादीवर. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्ट्झ यांनी आक्रमकतेवरच्या १९६३ सालच्या पुस्तकात याचे फार बोलके उदाहरण दिले आहे. त्यांच्याकडे काचेच्या आडपडद्याच्या दोन्ही बाजूंना सिक्लिडची एकेक जोडी ठेवली जात असे. जोड्या काचेतून एकमेकींवर धावून जात आणि आपल्या घरात सलोख्याने नांदत. काचेवर शेवाळ वाढून पलीकडचे दिसेनासे झाले की नर आपल्याच मादीला त्रास देऊ लागे. काच पुसली की शेजाऱ्यांशी भांडण पुन्हा सुरू होई आणि घरात शांतता येई. लोरेन्ट्झ यांना पुढे १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे हे निरीक्षण आजही टाकीसमोर बसून कुणालाही पडताळता येते. एकुलती एक जोडी रिकाम्या टाकीत ठेवून ‘एकांत’ दिल्यावर मादी मार खाते. तीच जोडी दहा-बारा छोट्या माशांच्या सोबतीने अंडी घालते.

वरच्या पाण्यात झुंडीने निर्धास्त फिरणाऱ्या माशांचा आणखी एक उपयोग होतो. सिक्लिड स्वभावाने सावध असतो. वर मासे मोकळेपणी हिंडत असतील तर धोका नाही असे समजून तो लपणाची जागा सोडून बाहेर येतो. झेब्रा डॅनिओ, रासबोरा, मध्यम आकाराचे टेट्रा, रोझी बार्ब हे या कामाला उत्तम. ते चपळ असतात, हुसकावले की क्षणात दूर जातात आणि पुन्हा झुंडीत मिसळतात.

शेजारी निवडताना मासा कुठल्या थरात राहतो हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. क्रिबेन्सिस तळाशी राहतो, म्हणून तळाशी राहणारा दुसरा मासा त्याच्यासोबत नको. कोरिडोरास हा गरीब स्वभावाचा मासा सिक्लिडचा इशारा ओळखत नाही. हुसकावले तरी तो अन्न शोधत पुन्हा त्याच कोपऱ्यात येतो आणि मार खाऊन डोळे गमावतो. लोच आणि सकर यांचा धोका वेगळा: ते रात्री हिंडतात आणि अंधारात आईबापांना दिसत नसताना अंडी फस्त करतात. दुकानात काच साफ करणारा मासा म्हणून सकर गळ्यात मारला जातो, पण वीण हवी असलेल्या टाकीत त्याला जागा नाही. एंजल टाकीच्या मधल्या आणि वरच्या भागात वावरतो, त्यामुळे त्याच्यासोबत तळाचे शांत मासे दिवसा चालून जातात. टायगर बार्ब मात्र एंजलचे लांब पर कुरतडतो, आणि निऑन टेट्रा वाढलेल्या एंजलच्या तोंडात सहज मावतो. गप्पी तर एंजलला खाऊच वाटतात. दोन वेगवेगळ्या सिक्लिड जोड्या एकाच टाकीत ठेवायच्या असतील तर टाकी चार फुटांची तरी हवी.

क्रिबेन्सिसच्या एका जोडीसाठी आणि दहा-बारा सोबत्यांसाठी तीन फुटी टाकी बेताची पुरते. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावते. एंजलला उंची लागते. दीड फुटाहून कमी खोल टाकीत त्याचे पर नीट वाढत नाहीत. पण लिटरच्या हिशेबापेक्षाही मांडणीला महत्त्व अधिक. जोडीला राखता येईल असा एक कोपरा आणि बाकीच्यांना पळायला मोकळे मैदान, अशी विभागणी हवी. दोन्हींच्या मध्ये दगड, लाकडाचा ओंडका किंवा दाट झाडे लावून नजर अडवावी. नजरेआड गेलेल्या माशाचा सिक्लिड पाठलाग करत नाही. सगळीकडून सगळे दिसणारी, मधोमध एकच शोभेची वस्तू असलेली टाकी दिसायला नीटनेटकी असते, पण तिच्यात जोडी दिवसभर पूर्ण टाकीची राखण करत दमते आणि शेजारी उपाशी राहतात.

क्रिबेन्सिसच्या गुहेसाठी नारळाच्या करवंटीसारखी दुसरी वस्तू नाही. अर्धी करवंटी आतून-बाहेरून खरवडून शेंड्या काढाव्यात, पाणी दोन-तीनदा बदलत उकळावी आणि तपकिरी रंग उतरायचा थांबेपर्यंत बादलीत भिजत ठेवावी. मग कडेला कानशीने मासा जेमतेम आत जाईल एवढी खाच पाडून करवंटी वाळूवर पालथी ठेवायची. तोंड टाकीच्या मागच्या किंवा बाजूच्या काचेकडे असावे. दार जितके लहान तितकी मादीला जागा अधिक पसंत पडते, कारण ते तिला एकटीने राखता येते. तळाला बारीक वाळू हवी, कारण जोडी तोंडाने वाळू उचलून दाराची उंची आपल्या मापाने कमी-जास्त करते. हे खोदकाम सुरू झाले की करवंटी हलवू नये. टाकीत अशा दोन-तीन जागा ठेवल्या तर निवड करायला वाव राहतो. एंजलला उभी किंवा तिरपी, गुळगुळीत सपाट जागा लागते. अमेझॉन स्वोर्डचे रुंद पान, तिरपा ठेवलेला पाटीचा दगड किंवा मातीची पालथी उभी कुंडी त्याला चालते. असे काही नसेल तर तो हीटरवर किंवा फिल्टरच्या नळीवरही अंडी घालतो. हीटरवरची अंडी उष्णतेने शिजतात, म्हणून हीटरला जाळी बसवणे बरे. रामला सपाट गोटा आवडतो, केशरी क्रोमाइडला गोटा किंवा लाकूड.

पाण्याविषयी जितकी चर्चा होते तितकी गरज अनेकदा नसते. कित्येक पिढ्या शेततळ्यांत आणि टाक्यांत वाढलेले एंजल व क्रिबेन्सिस नळाच्या साध्या पाण्यात अंडी घालतात. सह्याद्रीतल्या धरणांचे पाणी मिळणाऱ्या शहरांत सहसा अडचण येत नाही. पठारावर बोअरचे पाणी वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. काळ्या खडकातून आलेल्या त्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि मऊ पाण्यातल्या माशांच्या अंड्यांना ते मानवत नाही. तिथे निम्मे आरओचे पाणी मिसळून क्षार कमी करता येतात. राम याबाबत सर्वांत नाजूक. त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी आणि २८ ते ३० अंश सेल्सिअस उबदार पाणी हवे. एंजलला २६ ते २८ अंश, क्रिबेन्सिसला २५-२६ अंश पुरतात. केशरी क्रोमाइड खाडीच्या मचूळ पाण्यातला, त्याला उलट थोडे क्षार आवडतात. क्रिबेन्सिसच्या बाबतीत पाण्याचा परिणाम अंडी फुटण्यापुरता थांबत नाही. पिल्लांच्या सुरुवातीच्या दिवसांत पाणी आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नर जास्त निघतात, पीएच सातच्या जवळ असेल तर माद्या. सगळे एकाच लिंगाचे मासे निघाले की पाळणारा गोंधळतो, त्याचे कारण बहुधा हेच.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढून टाकणे आणि फिल्टर पूर्ण मुरलेला असणे या दोन गोष्टींना मात्र पर्याय नाही. नवी टाकी भरून पंधरा दिवसांत विणीची अपेक्षा करणे चुकीचे. माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला महिना-सव्वा महिना लागतो. अंड्यांना आणि पिल्लांना अमोनियाचा अंशही सोसत नाही.

माशांना विणीकडे वळवणारी मुख्य गोष्ट म्हणजे आहार. अंडी तयार करायला मादीला प्रथिने लागतात आणि दुकानातले कोरडे दाणे त्याला अपुरे पडतात. दोन-तीन आठवडे ब्लडवर्म, आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा डासांच्या अळ्या दिवसातून दोन-तीनदा थोड्या थोड्या दिल्या की मादीचे पोट भरू लागते. जिवंत ट्युबिफेक्स स्वस्त मिळतात, पण ते गटाराच्या गाळात वाढतात आणि रोग घेऊन येतात. गोठवलेले किंवा वाळवलेले अन्न अधिक सुरक्षित. डासांच्या अळ्या घरी वाढवायच्या असतील तर भांडे जाळीने झाकणे आणि अळ्या वेळेवर संपवणे आवश्यक, नाहीतर डेंग्यूला आमंत्रण. आहाराच्या जोडीला पाणी बदलावे. आठवड्यातून दोनदा पाव टाकी पाणी काढून ताजे घातले की नदीला नवे पाणी आल्यासारखा संदेश माशांना मिळतो. पाणी बदलल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडी दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे.

क्रिबेन्सिसमध्ये पुढाकार मादी घेते. ती नराच्या समोर येते, शरीर धनुष्यासारखे वाकवून लाल पोट त्याच्याकडे करते आणि थरथरते. मग करवंटीच्या दाराशी जाऊन थांबते, नर आला नाही तर पुन्हा बाहेर येऊन तोच प्रकार. हे कित्येक दिवस चालते. एके दिवशी दोघे आत गेलेले दिसतात आणि त्यानंतर मादी क्वचितच बाहेर येते. तिने आत उलटे पोहून करवंटीच्या छताला अंडी चिकटवलेली असतात, साधारण पन्नास ते दोनशे. नर बाहेर पहारा देतो, ती आत. करवंटी उचलून पाहण्याचा मोह इथे आवरलाच पाहिजे. त्रास झालेली मादी अंडी खाऊन टाकते. जेवायला आलेली मादी घाईने दोन घास घेऊन परतते, एवढा पुरावा पुरेसा आहे.

एंजलची अंडी सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. मादी पानाला पोट लावून खालून वर सरकत एकेक ओळ अंडी चिकटवत जाते, नर तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून जाऊन ती फळवतो. तास-दीड तासात शंभरापासून काही शेपर्यंत अंडी पानावर येतात. फळलेली अंडी मधासारखी पारदर्शक दिसतात. न फळलेली दुसऱ्या दिवशी पांढरी होतात, त्यांच्यावर बुरशीचे तंतू उगवतात आणि ते शेजारच्या अंड्यांवर पसरतात. चांगले आईबाप ती वेचून काढतात. २७-२८ अंशांना अडीच दिवसांच्या आसपास अंडी फुटतात. बाहेर आलेल्या जिवाला अजून पोहता येत नसते. डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी तो पानाला लटकून शेपटी हलवत राहतो आणि पोटाशी असलेल्या बलकावर जगतो. खाली पडलेल्याला आई तोंडात घेऊन पुन्हा पानावर थुंकते. मधूनच आईबाप सगळी पिल्ले एकेक घास करून नव्या, स्वच्छ पानावर नेतात. पाहणाऱ्याला वाटते की मासे पिल्ले खात आहेत, तसे नसते. आणखी पाच-सहा दिवसांत पिल्ले पोहू लागतात.

पहिल्या दोन-तीन विणी बहुतेक जोड्या स्वतःच खाऊन टाकतात. यात मोठे काही बिघडलेले नसते. तरुण जोडी अजून शिकत असते, किंवा शेजाऱ्यांचा उपद्रव इतका असतो की राखण करणे तिला परवडत नाही. अशा वेळी अंडी खाऊन आपली शक्ती परत मिळवणे हा तिच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय असतो. व्यापारी पैदाशीत एंजलची अंडी पिढ्यान् पिढ्या आईबापांपासून काढून घेऊन वेगळी उबवली गेली आहेत. त्यामुळे अंडी सांभाळणाऱ्या माशांची निवड त्यांच्यात झालीच नाही, असे अनुभवी पाळणारे मानतात. तरीही चार-पाच वेळा संधी दिल्यावर सांभाळणाऱ्या जोड्या निघतात. या दिवसांत टाकीजवळ वर्दळ कमी असावी. रात्री खोलीतला मंद दिवा चालू ठेवावा, म्हणजे शेजारी अंड्यांकडे सरकले तर जोडीला दिसतात. टाकीचा दिवा एकदम बंद केल्यावर मासे बिथरतात, हे विसरू नये.

पिल्ले पोहू लागली की क्रिबेन्सिसची जोडी त्यांना करवंटीबाहेर आणते. तळावर धुरकट ढगासारखा थवा सरकत असतो आणि वर आई. तिने शरीराला आणि परांना एक झटका दिला की सगळा थवा खाली बसून निश्चल होतो. संध्याकाळी मागे राहिलेली पिल्ले ती तोंडात घेऊन घरी सोडते. याच सवयीची एक हकिगत लोरेन्ट्झ यांनी ‘किंग सॉलोमन्स रिंग’ या पुस्तकात नोंदवली आहे. ज्वेल सिक्लिडचा नर गांडुळाचा तुकडा चघळत असताना त्याला चुकलेले पिल्लू दिसले आणि त्याने सवयीने तेही तोंडात घेतले. आता तोंडात दोन गोष्टी होत्या, एक गिळायची आणि एक जपायची. मासा क्षणभर स्तब्ध राहिला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकल्या, पिल्लावर नजर ठेवून गांडूळ खाल्ले आणि नंतर पिल्लू उचलून घरी नेले. केशरी क्रोमाइड आणि डिस्कस आणखी पुढे जातात. त्यांची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टोचून खातात.

मिश्र टाकीत अवघड काळ सुरू होतो तो इथून. अंड्यांसाठी एक कोपरा राखणारी जोडी आता पिल्लांसोबत फिरते आणि जिथे थवा तिथे हद्द. शेजाऱ्यांची जागा आक्रसते. लहान टाकीत या आठवड्यात इतर मासे एका वरच्या कोपऱ्यात गोळा झालेले दिसतात. अशा वेळी टाकीत प्लास्टिकची बारीक जाळी उभी घालून एक तृतीयांश भाग जोडीला द्यावा. पाणी आरपार खेळते, दोन्ही बाजूंना एकमेकांचे दर्शन होत राहते, म्हणून नराचा राग मादीकडे वळत नाही, आणि कुणी मरत नाही. पिल्ले टाकीतच सोडली तर दाट झाडांच्या टाकीत थोडीफार जगतात, उघड्या टाकीत फारशी नाहीत. जास्त जगवायची असतील तर पोहू लागल्यावर आठवड्याने निम्मी पिल्ले हवेच्या पातळ नळीने ओढून त्याच टाकीच्या पाण्याने भरलेल्या दहा-पंधरा लिटरच्या छोट्या टाकीत घ्यावीत. सगळी एकदम काढली तर जोडी बिथरते आणि राग एकमेकांवर काढते. निम्मी ठेवण्याचे कारण हे आहे. छोट्या टाकीत स्पंज फिल्टरच वापरावा, दुसरा कुठलाही पिल्ले ओढून घेतो.

पिल्लांना पोहायला लागल्या दिवसापासून खायला लागते. यासाठी ताज्या उबवलेल्या आर्टेमियाला तोड नाही. प्लास्टिकची बाटली बूड कापून उलटी टांगायची, लिटरला २५-३० ग्रॅम आयोडीनविरहित खडे मीठ घातलेले पाणी भरायचे, चिमूटभर आर्टेमियाची अंडी टाकून तळापासून हवा सोडायची. २८ अंशांना २४ तासांत नारिंगी ठिपके हलू लागतात. हवा बंद करून खालच्या बाजूला दिवा धरला की ते उजेडाकडे गोळा होतात आणि टरफले वर तरंगतात. खालचे पाणी दाट कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन पिल्लांना द्यायचे. दिवसातून तीन-चार वेळा, थोडेथोडे. खाल्लेल्या पिल्लांचे पोट नारिंगी दिसते, त्यावरून कोण उपाशी आहे ते कळते. उकडलेल्या अंड्याचा बलक घालण्याची जुनी पद्धत आहे, पण उरलेला बलक काही तासांत पाणी नासवतो आणि आदल्या दिवशी दोनशे असलेली पिल्ले सकाळी वीस उरतात. छोट्या टाकीतले दहा-वीस टक्के पाणी रोज बदलावे. महिन्याभरात पिल्ले बारीक दळलेले दाणे खाऊ लागतात.

एक जोडी वर्षात अनेकदा विते आणि पिल्ले शेकड्यांनी होतात, तेव्हा त्यांची सोय आधीच ठरवलेली बरी. दुकानदार निरोगी, एकसारखी वाढलेली एंजल पिल्ले घेतात. हौशी मंडळींत देवघेव चालतेच. तळ्यात किंवा नदीत मात्र एकही पिल्लू सोडू नये. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. पिल्ले सांभाळण्याचा त्या कुळाचा गुणच त्याच्या पथ्यावर पडला, तो धरणाधरणांत पसरला आणि स्थानिक माशांच्या वाट्याचे अन्न व जागा त्याने बळकावली. टाकीत कौतुकाचा वाटणारा तोच गुण नदीत घातक ठरतो.

पिल्ले सेंटिमीटरभर झाली की आईबापांचे लक्ष त्यांच्यावरून उडू लागते. क्रिबेन्सिसची मादी पुन्हा पोट लाल करून नराभोवती वाकू लागते आणि कालपर्यंत जपलेल्या पिल्लांना दोघे करवंटीपासून हुसकावतात. ही पुढच्या विणीची तयारी. मोठी पिल्ले त्याच दिवशी बाहेर काढावीत, करवंटीतली वाळू तशीच राहू द्यावी आणि मादीला दोन-तीन आठवडे चांगले खाऊ घालावे. सतत विऊन ती खंगली असेल, पोट आत गेले असेल, तर गुहाच काढून घेऊन महिनाभर विश्रांती द्यावी. गुहा परत ठेवल्यावर त्याच जोडीचे सहसा पुन्हा जमते. टाकीची मांडणी पूर्ण बदलली असेल, तर मात्र दोघे एकमेकांना परके असल्यासारखे वागू शकतात. पहिले दोन दिवस लक्ष ठेवावे आणि जाळी हाताशी असू द्यावी.